रांगेत माझ्या पुढे

१

रांगेत मध्येच घुसणाऱ्यांशी मी जन्मभर भांडत आलो आहे. बँकेत, दवाखान्यात, तिकिटाच्या खिडकीपाशी. "मला फक्त एकच विचारायचंय" असं म्हणत कोणी पुढे सरकताना दिसलं की माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, "तुम्ही वर गेलात की तिथेही आधी रांग कुठून सुरू होते ते विचाराल." विचारीन. त्यात काय चुकलं?

तेव्हा स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या यंत्रासमोर जेव्हा मीच रांगेत दुसरा निघालो, तेव्हा माझं काय झालं असेल याची कल्पना करा.

मी तर्कशास्त्र शिकवायचो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चुकीचं दिसलं की बोट ठेवायची सवय काही निवृत्त होत नाही. म्हणून रोज सकाळी चहा झाला की मी वर्तमानपत्राला एक पत्र लिहितो. भर दुपारी जळणारे रस्त्यावरचे दिवे, पदपथावर चढवलेल्या गाड्या, बंद पडलेली उद्वाहनं; विषयांना तोटा नाही. पडद्यावर मला चुका दिसत नाहीत, म्हणून पत्र छापून काढतो, लाल पेनानं सुधारतो आणि बायकोला वाचून दाखवतो. ती डोळे मिटून ऐकते आणि म्हणते, "छान. फक्त 'निर्लज्ज' दोनदा आलंय."

डोळे मिटले काय आणि उघडले काय, तिला सारखंच आहे. तिची दृष्टी हळूहळू गेली. खरं तर प्रिंटर घेतला तो तिच्यासाठीच. तिच्या आवडीचा मजकूर मी मोठ्या अक्षरांत छापून द्यायचो. मग आणखी मोठ्या, मग आणखी. शेवटी एका कागदावर एकच अक्षर मावायला लागलं, आणि मग तेही तिला दिसेना. त्या कागदांची चळत कपाटात पडून होती. दुसऱ्या बाजूनं सगळे कोरे. पाठकोरा कागद टाकून देणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून माझी पत्रं मी त्यांच्याच पाठीवर छापतो.

मला अजून बारीक टाइपसुद्धा दिसतो, पण कान गेले आहेत. कानात घालायचं यंत्र आहे. ते शिट्टी वाजवतं, म्हणून खणात असतं. एकूण आमच्या घरात डोळे माझे आणि कान तिचे. दोघांचं मिळून एक माणूस होतं, आणि त्या एका माणसाचं बरं चाललं होतं.

त्या सकाळी पत्र छापलं जाईना. मी प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडली. माझ्या पत्राच्या पुढे आणखी एक काम होतं. नावाच्या जागी कोरं. कोणी पाठवलं, तेही कोरं. स्थिती: 'छापत आहे'.

मी ते रद्द केलं. 'काढून टाकत आहे' असं आलं. मी वाट पाहिली. थोड्या वेळानं पुन्हा 'छापत आहे'.

२

कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. फोनवर मला ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण मोठा करून ठेवलेला असतो. शेजाऱ्यांनाही त्याचा लाभ मिळतो.

"सर, बंद करून चालू करा."

"केलं."

"प्रिंटरपण?"

"अहो, प्रिंटरपण, राउटरपण. आता मीच तेवढा बंद व्हायचा राहिलोय."

तो हसला. मला हसू आलं नव्हतं. मग त्यानं छपाई सांभाळणारी सेवा आधी थांबवायला लावली, एका फोल्डरपर्यंत नेलं आणि सांगितलं, "यात अडकलेल्या फाइली पडून असतील, त्या सगळ्या उडवा, मग सेवा परत सुरू करा. सगळी रांग साफ."

फोल्डरमध्ये एकच फाइल होती. माझं पत्र.

"नाही सर, दोन असतील."

"एक आहे. मला मोजता येतं."

"मग रांगेत एकच दिसेल."

"दोन दिसतायत."

"नाही दिसणार, सर."

"दिसतायत म्हणून तर फोन केला ना तुम्हाला! मी काय गंमत म्हणून सकाळी उठून तुम्हाला फोन करतो?"

मला वाटलं, दुखावला. मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "सर, घरात दुसरा फोन उचललाय का कोणी?"

"दुसरा फोनच नाही."

"नाही, मला वाटलं लाइनवर अजून कोणीतरी आहे. बोलत नाहीये कोणी, पण... जाऊ दे. सर, तुमच्याकडून चुकून गेलं असेल एखादं प्रिंट. होतं असं या वयात."

या वयात! मी फोन ठेवला. पत्र लिहायचं सोडून दिलं आणि फिरायला निघून गेलो. रागाच्या भरात कॉम्प्युटर बंद केला की नाही, असं वाटेत मनात आलं. केला होता. माझी तशी खात्री आहे. म्हणजे होती.

३

परत आलो तेव्हा बायको खिडकीपाशी बसली होती. "तुमचं यंत्र चाललं होतं," ती म्हणाली. "कागद ओढल्याचा आवाज आला."

प्रिंटरच्या तोंडाशी एक कागद होता. मधोमध एक काळसर डाग. शाई सांडली म्हणून मी चडफडत कागद उचलला आणि उजेडात धरला.

तो कान होता.

डावा कान. गालाचा थोडा भाग, आणि मग सगळा काळोख. चित्र नव्हे; काहीतरी काचेवर दाबून धरल्यावर उमटतं तसं, दाबानं चपटं झालेलं.

माझ्या यंत्राला वरून कागद ठेवून नक्कल काढायची काच आहे. तिच्यावर झाकण असतं; आमच्याकडे नाही. मी जाडजूड बांधीव पुस्तकांतली पानं त्यावर घेतो, त्यात झाकणाची बिजागरी तुटली, आणि तेव्हापासून झाकण भिंतीला टेकून उभं आहे. काच उघडी, छताकडे बघत. पण तिला नजर फार थोडी. टेकलेलं स्पष्ट दिसतं, बोटभर वरचं धूसर, आणि त्यापुढे नुसता अंधार. जाड पुस्तकाचं पान शिवणीपाशी जरा उचललं गेलं तरी तिथली अक्षरं काळवंडतात, म्हणून मला हे चांगलं ठाऊक आहे. म्हणजे कान काचेला टेकलेलाच हवा.

आणि मी, तर्कशास्त्राचा प्राध्यापक, न्हाणीघरातल्या आरशासमोर एका हातात तो कागद धरून स्वतःचा डावा कान तपासत उभा राहिलो. माझ्या कानात केस आहेत, पाळी लोंबते, कडेला जुना व्रण आहे. कागदावरच्या कानाला काहीच नव्हतं. सुरकुती नाही, केस नाही, टोचल्याची खूण नाही. जणू नुकताच केलेला आणि अजून न वापरलेला.

संताप आला तो आधी स्वतःवर. मग घरात कोण येऊन गेलं याचा विचार केला. कोणी नाही, दाराला आतून कडी होती, ती बायकोनंच मला काढून दिली होती. मग पुन्हा स्वतःवर.

"काय होतं?" बायकोनं बाहेरून विचारलं.

"शाई सांडलीय," मी म्हणालो.

४

हे कोणाला सांगण्याची सोय नव्हती, आणि त्याचं कारण आमची थोरली लेक.

महिन्याभरापूर्वी बायको न्हाणीघरात घसरून पडली. तिनं हाका मारल्या. मी दोन खोल्या पलीकडे उद्वाहनांविषयी पत्र लिहीत होतो. किती वेळ हाका मारल्या ते तिनं मला सांगितलं नाही, पण लेकीला सांगितलं असावं. कारण त्यानंतर लेकीचे फोन वाढले आणि त्यातला "कसे आहात" गेला.

"बाबा, हे असं चालणार नाही. तिला दिसत नाही, तुम्हाला ऐकू येत नाही. काही झालं तर?"

"झालं नाही."

"यावेळी नाही झालं. मी शनिवारी येतेय. आईला माझ्याकडे नेते. तुमचं दादाकडे ठरलंय. त्यानं खोली रिकामी केलीय."

"आणि आम्हाला कोणी विचारलं?"

"आत्ता विचारतेय ना."

"हे विचारणं आहे? भांडीकुंडी वाटतात तसे आईबाप वाटून घेताय तुम्ही. ताट तुझं, वाटी त्याची!"

"बाबा, ओरडू नका."

"मी ओरडत नाहीये, मला ऐकू येत नाही म्हणून मोठ्यानं बोलतोय!"

बायकोला दोन्ही बाजू ऐकू येत होत्या. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "ताट-वाटीचं चांगलं होतं. पत्रात घाला कुठेतरी." आणि मग माझा हात चाचपून धरून ठेवला. लेकीचं गाव एका टोकाला, लेकाचं दुसऱ्या. या वयात पुन्हा भेट म्हणजे कोणाच्या तरी सवडीनं.

मला एकच आशा होती: शनिवारी ती येईल तेव्हा घर नीट दिसावं, मी शहाणा दिसावं. अशा वेळी मी तिला काय सांगणार होतो? माझ्या प्रिंटरमधून कान येतात?

५

दुसऱ्या दिवशी रांगेत ते काम होतंच. माझं पत्र त्याच्या मागे. मी सेवा थांबवली, फोल्डर रिकामं केलं, सेवा सुरू केली. माझं पत्र गेलं. ते राहिलं. माझा जीव तीळतीळ तुटला. पत्रासाठी नव्हे, अन्यायासाठी. नियम पाळणारा पुसला जातो आणि बिननावाचा घुसखोर मजेत बसून राहतो, हे मी बाहेर आयुष्यभर पाहिलं होतं. आता घरातही.

फिरून आलो तर आणखी एक कागद. तोच कान, पण आता जरा वळलेला. गाल जास्त दिसत होता. गालफडाचं हाड, आणि कडेला जिथे डोळ्याचा कोपरा सुरू व्हावा तिथे कागद संपला होता.

मी कागद पाठीमागे धरून बायकोच्या शेजारी बसलो आणि तिचा कान पाहिला. मोत्याचं कानातलं ती अजून रोज घालते. वजनानं भोक लांबट झालं आहे.

"काय बघताय?"

"काही नाही. केस."

"कापायला झालेत का?" आणि मग, मी उत्तर द्यायच्या आत, "तुम्ही रागावणार नसाल तर एक सांगते."

"मी कधी रागावतो?"

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "तुम्ही फिरायला जाता ना, तेव्हा मी तुमच्या यंत्रापाशी जाते. त्या काचेवर कान ठेवते."

मला काय वाटलं ते कसं सांगू? छातीवरचा दगड उतरला. म्हणजे हिचाच कान! आणि उतरला तसा परत चढला, कारण मोती माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होता आणि कागदावरच्या पाळीला भोक नव्हतं.

"कशासाठी?"

"तिथे कोणीतरी ऐकतं."

"काय ऐकू येतं? बोलतं कोणी?"

"बोलण्याचं काय कौतुक, बोलणं तर तुमचं रोज ऐकते. तिथे कोणी बोलत नाही. ऐकतं."

"ऐकण्याचा आवाज नसतो," मी म्हणालो. थोडं चढ्या स्वरातच. निदान एवढं तरी मला ठाऊक आहे, असं वाटलं.

"नसतो? तुम्हीच सांगायचात ना, फळ्याकडे तोंड करून लिहीत असलात तरी मागे मुलं ऐकतायत की नुसतीच गप्प बसलीत ते तुम्हाला कळायचं. तसंच."

खरं होतं ते. कळायचं.

"आणि तू त्याला काय सांगतेस?"

"जे तुम्हाला तीन-तीनदा सांगावं लागतं ते," ती म्हणाली. चिडून नव्हे. नुसतं सांगितलं.

मी तिला बजावलं की उद्यापासून त्या खोलीत जायचं नाही. काच तडकलेली आहे, गालाला लागेल. काच तडकलेली नव्हती. ती बरं म्हणाली.

६

शुक्रवारी मी फिरायला जाणारच नव्हतो. पण ती म्हणाली, "जा हो, मी कुठे जात नाही," आणि मला वाटलं, न जाणं म्हणजे मी त्या यंत्राला भ्यालो असं होईल. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे एक गाडी पदपथावर चढवलेली होती, आणि मला तिचा रागही आला नाही. परत फिरलो.

कागद यंत्राच्या तोंडाशी पडलेला होता.

त्यावर दोन कान होते.

एकाला मोती होता. पाळीचं लांबट भोक, कानामागची ती बारीक शीर, सगळं ओळखीचं. तिचा डावा कान. आणि त्याला अगदी चिकटून, गालाला गाल लागेल इतका जवळ, दुसरा. गुळगुळीत. तोही डावा.

मी खुर्चीत बसलो आणि आयुष्यभर जे केलं ते करायला लागलो. एका माणसाला डावा कान एकच असतो. कागदावर डावे कान दोन आहेत. काचेला टेकल्याशिवाय काही स्पष्ट उमटत नाही. दोन्ही स्पष्ट आहेत. पुढचं वाक्य आपोआप येतं, विद्यार्थीसुद्धा सांगेल. मी ते येऊ दिलं नाही. कदाचित यंत्रानं एकच गोष्ट दोनदा ओढली असेल. कदाचित ती हलली असेल. मग मोती एकालाच का? माझे डोळे बिघडले असतील. असू देत बिघडलेले! त्या क्षणी मी स्वतःच्या डोळ्यांवर पाणी सोडायला तयार होतो.

"गेली होतीस ना?" मी बाहेर येऊन विचारलं.

"शेवटचं म्हणून गेले," ती म्हणाली. "आणि आता कशाला रागावताय? तुम्हीपण तर आलात."

"मी?"

"मग कोण? गालाला गाल लावून उभे होतात की. मला वाटलं, चला, आज यांनाही ऐकावंसं वाटलं. बरं वाटलं मला." तिनं स्वतःचा गाल चोळला. "गाल किती गार होता तुमचा. बाहेर गारठा आहे?"

ती माझ्याकडे तोंड करून बसली होती. न दिसणारे डोळे, आणि चेहऱ्यावर कितीतरी दिवसांत न पाहिलेलं समाधान.

"हो," मी म्हणालो. "गारठा आहे."

मग आत जाऊन प्रिंटरची पिन भिंतीतून काढली. घरातला सगळ्यात जाड शब्दकोश काचेवर पालथा ठेवला. प्रिंटर मेलेला होता, दिवा विझलेला. तरी रांगेची खिडकी उघडून पाहिली.

'छापत आहे'.

७

शनिवारी थोरली आली ती वादळासारखी. चपला काढायच्या आधी गॅसची बटणं तपासली, न्हाणीघरातली फरशी पायानं घासून पाहिली, फ्रिज उघडून नाक मुरडलं.

"बाबा, हे दूध कधीचं?"

"तुझ्या आधीचं."

"विनोद नकोत." मग आईजवळ बसून तिचे केस सारखे करता करता तिचा आवाज ओला झाला. "आई, चलशील ना गं?"

"यांना सोडून?" बायको म्हणाली. "यांना पत्रं कोण ऐकून दाखवणार? दादाच्या घरी सगळे कानात ती गाण्याची बोंडं घालून फिरतात."

"आई, प्लीज."

"लेकरा, मी भांडत नाहीये. विचारतेय."

थोरली कठोर नाही. रात्र रात्र जागून हे ठरवलेलं होतं, डोळ्यांखाली दिसत होतं. ती उठली आणि म्हणाली, "स्टेशनावर आईसाठी चाकांची खुर्ची सांगितलीय. त्याचा कागद छापील दाखवावा लागतो. फोनवरून पाठवते, प्रिंटर चालू आहे ना?"

"बिघडलाय," मी म्हणालो.

"काय झालंय?"

"रांग अडकलीय."

"हो का? बघू." ती माझ्या पुढे होऊन आत गेली. मी मागे धावलो म्हटलं तरी चालेल. तिनं शब्दकोश उचलून बाजूला ठेवला, पिन लावली, दिवा लागला. कॉम्प्युटरवरची खिडकी पाहिली.

"हे पहिलं कोणाचं? नाव नाही याला."

"ते काढून टाक आधी! ते रद्द कर. मी सांगतो ना, ते आधी काढ!"

"अहो बाबा, एवढं काय त्यात? होऊ दे ते छापून, मागोमाग माझं येईल."

"रांगेत घुसलंय ते! त्याचा नंबर नाही!" मी ओरडलो. मला स्वतःलाच माझं ओरडणं ऐकू आलं, म्हणजे किती मोठं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माझा निकाल लागलेला मला दिसला. दादाकडची रिकामी खोली दिसली.

आणि यंत्र चालू झालं. मला आवाज आला नाही. टेबलाची थरथर बोटांना कळली. कागद सरकत बाहेर आला.

तिनं तो माझ्या आधी उचलला. खिडकीकडे पाठ करून उजेडात धरला. मी तिच्या समोर होतो, म्हणून मला कागदाची मागची बाजू दिसत होती: तिच्या आईसाठी छापलेलं ते एक भलंमोठं अक्षर. पण ऊन थेट कागदावर होतं, आणि अक्षराच्या आरपार पलीकडचं उलटं उमटलं होतं. एकमेकांना टेकलेले दोन चेहरे. एकाच फोनला दोघांनी कान लावावेत तसे. कडेचा चेहरा माझ्या बायकोचा, डोळा मिटलेला.

दुसऱ्याचा उघडा होता.

लेकीनं कागद खाली केला. मी हात पुढे केला. "दाखव."

तिनं त्याची घडी घातली, मग आणखी एक, आणि पर्समध्ये टाकली.

"माझ्या यंत्रातून आलेला कागद आहे तो! मला दाखव!"

"बाबा," ती म्हणाली. आवाज इतका खाली की मी ओठांवरून वाचलं. "तुमची औषधं कुठे असतात?"

"का?"

"तुम्हीपण चला. दोघं. आत्ता."

तिच्यामागे यंत्रानं चाकांच्या खुर्चीचा कागद छापून दिला होता. तो कोणीच उचलला नाही. आम्ही भाड्याची गाडी केली.

८

तर आता आम्ही लेकीकडे आहोत. एकत्र. मला जे हवं होतं ते मिळालं, आणि ते मला कसं मिळालं हे कोणी सांगायला तयार नाही. मी रोज विचारतो. रागावून विचारतो, समजावून विचारतो. "कागद कुठे आहे?" ती म्हणते, "कुठला कागद?" आणि माझ्या डावीकडे बसत नाही. जेवायच्या टेबलावर जागा बदलून घेतली तिनं. आता तिची डावी बाजू भिंतीला असते.

तिच्या घरी प्रिंटर होता. कपाटाच्या वर त्याच्या आकाराची धूळ नसलेली जागा आहे.

कानातलं यंत्र मी आता दिवसभर घालतो. शिट्टी वाजवेना का. बायकोला तीन-तीनदा सांगावं लागू नये, एवढंच माझ्या हातात आहे. नळ गळतो ते ऐकू येतं, पंख्याची कुरकुर ऐकू येते, शेजारच्या घरातला खोकला ऐकू येतो. जग एवढं बोलकं आहे हे मी विसरलो होतो.

दुपारी जेवणं झाली की बायको पडते, डावा कान वर करून, आणि मी नवं पत्र वाचून दाखवतो. ती मध्येच हसते, मध्येच एखादा शब्द बदलायला सांगते. मग तिचा श्वास लांबतो, तोंड किंचित उघडं पडतं, ती झोपते. मी खाली बघून वाचत राहतो. आणि तेव्हा मला कळतं, फळ्याकडे तोंड असताना कळायचं अगदी तसं, की ऐकलं जातंय. मन लावून. एकही शब्द न सोडता.

मी थांबून पाहिलं आहे. थांबलो की ते संपत नाही. उलट जास्त जवळ येतं, पुढच्या शब्दासाठी. म्हणून मी थांबत नाही. पत्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

काल थोरली दारात येऊन उभी राहिली. "बाबा, हळू वाचा," ती म्हणाली.

"का?" मी चिडून विचारलं. "आई झोपलीय. कोण ऐकतंय?"

पूर्वीची असती तर तोंडावर काहीतरी ठणकावून गेली असती. तिनं नुसता डाव्या कानावर हात ठेवला आणि दार ओढून घेतलं.